डाव्या हाताने लावलेलं पान

सोमवारी जाऊबाईंची परीक्षा होती आणि शिकवणी माझ्या गळ्यात पडली होती. जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. छापखान्यात संगणकावर पानं लावतात. गोळ्यांच्या खोक्यात बारीक अक्षरांचा, घडी घातलेला कागद असतो ना, जो आपण न वाचताच फेकतो, तो त्यांच्या हातचा. पण जिन्यावरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, शीर मात्र रुसली ती रुसलीच. बोटांत चमचा ठरेना, तिथे माउस काय ठरणार! मालकांनी निरोप धाडला होता: सोमवारी या, माझ्यासमोर एक पान लावा. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय.

खुर्ची गेली असती तर जाऊबाई घरात बसल्या असत्या, आणि घरात बसलेल्या जाऊबाई म्हणजे दिवसभर माझ्या भांडी लावण्यावर देखरेख. तेव्हा मी शिकवायला बसले ते काही निव्वळ मायेपोटी नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. शॉर्टकटांची मला भारी घमेंड. पहिल्याच दिवशी मी माउस बाजूला सारला आणि म्हटलं, “जाऊबाई, हा कीबोर्ड बनवणारीची जाऊ डावखुरीच असणार. कॉपी, पेस्ट, कट, सेव्ह, केलेलं मागे घ्यायचं ते झेड, सगळं डाव्या पंजाखाली ठेवलंय बघा. अंगठ्याने ऑल्ट, बोटाने टॅब, की या खिडकीतून त्या खिडकीत.”

“आणि उंदीर लागलाच तर?”

“तर तोही डावीकडे.” मी सेटिंगमध्ये जाऊन माउसची दोन्ही बटणं उलटी करून दिली. जाऊबाईंनी तासभर खपून एक अख्खं पान लावलं. चेहरा असा खुलला की मीच त्यांना चहा करून आणायला उठले.

तेवढ्यात दीर संगणकावर बातम्या बघायला येऊन बसले. त्यांनी माउस उचलून उजवीकडे घेतला. क्लिक केलं की भलतीच यादी उघडे, परत क्लिक केलं की दुसरी. “बिघडलंय हे!” असं म्हणून त्यांनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पान गेलं.

जाऊबाईंनी माउस त्यांच्या हातून काढून परत डावीकडे ठेवला. तेवढं दिरांना शिव्यांपेक्षा महाग पडलं असावं, कारण नंतर दोन दिवस ते संगणकाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. मी म्हटलं, “चूक भाऊजींची, पण धडा तुमचा. दर ओळीला कंट्रोल-एस. श्वास घ्यायचा आणि एस दाबायचं.” तेव्हापासून त्यांचं एस इतकं वाजू लागलं की कुणाला वाटावं, बाईंना उचकी लागली आहे.

खरी अडचण शनिवारी कळली. एका हाताने कंट्रोल दाबून ठेवायचं आणि त्याच हाताने पार पलीकडचं छपाईचं पी गाठायचं, म्हणजे बोटांची कसरत. त्यातून मराठी अक्षरांपैकी निम्म्यांना शिफ्ट लागते. ख आला की शिफ्ट, घ आला की शिफ्ट. दोन ओळींत जाऊबाईंचा पंजा आखडला.

“नाही जमायचं गं मला. धाड निरोप, म्हणावं दुसरा माणूस घ्या.” आणि शिफ्टवर राग काढत त्या बोट आपटत राहिल्या. टुंग करून एक चौकट उघडली.

ती चौकट मी ऑफिसात शंभरदा पाहिली होती आणि शंभरदा ‘नाही’ म्हणून हाकलली होती. माझा हात सवयीने तिकडे गेला.

“थांब, मेले. वाच तरी काय विचारतंय ते.”

वाचलं. स्टिकी कीज हव्यात का, असं विचारत होतं. म्हणजे शिफ्ट दाबायची, सोडायची, मग निवांत दुसरं बटण दाबायचं. पहिलं आपल्यासाठी थांबून राहतं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ही सोय दारात हजर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग जाऊबाईंनी ‘हो’ म्हटलं, कंट्रोल दाबलं, हात उचलला, पदराने कपाळ पुसलं, आणि पी दाबलं. छपाईची खिडकी उघडली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सोमवारी पिशवी धरायच्या निमित्ताने मीही छापखान्यात गेले. मालक दारातच उभे. “या, या. बसा हो सावकाश. पंखा वाढवू का? पाणी हवं? घाई नाही, जमेल तेवढंच करा.” जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, “संपलं बघ. हे इतकं गोड फक्त कामावरून निरोप देताना बोलतात.”

त्यांनी पाच वेळा शिफ्ट दाबली आणि सुरुवात केली. बोटं ठीक चालली होती. अर्ध्या पानावर घाईत दोन बटणं एकदम दाबली गेली आणि ती सोय आपोआप बंद झाली. ख लिहिताना क उमटला. पुन्हा क. मालकांना राहवलं नाही. “राहू द्या, मी करतो,” म्हणत त्यांनी वाकून माउसवर हात ठेवला.

“हात काढा तो,” जाऊबाई म्हणाल्या.

मालकांनी हात काढला. शिफ्ट पाच वेळा वाजली, आणि पुढे पान संपेपर्यंत जाऊबाईंनी मान वर केली नाही. कंट्रोल, मग पी. यंत्राने कागद बाहेर टाकला.

मालकांनी तो घेतला, नेहमीसारखी घडी घातली, उजेडात धरला. आणि कडाडले, “घडीवर ओळ? बाई, घडीवर ओळ आणलीत तुम्ही! इतकी वर्षं झाली, हे मी सांगायचं? चार घड्यांत मजकूर फाटेल तो! डोळे कुठे होते?”

माझं टाळकंच सरकलं. हात धडका नाही बाईचा, आणि हा माणूस ओरडतोय! मी पुढे झाले, तर जाऊबाईंनी डाव्या हाताने माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहराभर हसू.

“गप गं,” त्या हळूच म्हणाल्या. “कामाच्या माणसावर ओरडतायत ते.”

मग खुर्ची पुढे ओढली आणि ओळ वर घ्यायला लागल्या.