माझ्या कोऱ्या चौकटीतले अठ्ठावीस

अकरा रिकाम्या चौकटी, एक तक्ता, तक्त्यात चार ओळी आणि खाली सहीसाठी तीन सेंटिमीटर जागा. मित्रांनो, जन्माच्या दिवशी माझ्याजवळ एवढेच होते.

मी एक जुना नमुना आहे. शहापूरच्या बाजारपेठेत खतांच्या दुकानावर एक खोली आहे, त्या खोलीतल्या लॅपटॉपमध्ये मी राहतो. माझे नाव 'उगवण अहवाल, कोरा'. मला भरायचे नसते. माझी प्रत काढायची, तिला नवे नाव द्यायचे आणि त्या प्रतीत लिहायचे. मी कोराच राहिलो पाहिजे. एवढे साधे काम माणसांना जमले नाही, म्हणून मी आज रागावलो आहे. गोड बोलण्याची माझी इच्छा नाही.

मला रुचिताने बनवले. तिने वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली आणि कुणाची नोकरी न धरता स्वतःचे काम सुरू केले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले शेतकरी पेरणीआधी तिच्याकडे घरचे बियाणे आणतात. ती त्यातले शंभर दाणे मोजते, ओल्या कागदात गुंडाळते आणि दहाव्या दिवशी किती दाण्यांना कोंब आले ते मोजून लिहून देते. शंभरात ऐंशी आले तर बियाणे चांगले. फारच कमी आले तर ते पेरण्यात अर्थ नाही.

पहिल्या वर्षी मी नव्हतो. ती निकाल हाताला लागेल त्या कागदावर लिहायची. एकदा दोन पुड्यांवर एकच मजकूर होता : 'भात, टोकावडे'. कोणती पुडी कुणाची, हे शोधायला तिला एसटीने दोनदा टोकावड्याला जावे लागले. दुसऱ्या खेपेहून परतल्यावर ती लॅपटॉप उघडून बसली आणि अडीच तासांत तिने मला घडवले. माझी प्रत्येक चौकट एकेका चुकीतून आली आहे. 'गाव' आणि 'वाडी' वेगळे, कारण एका नावाची दोन गावे निघाली. 'मोजणीची तारीख' वेगळी, कारण एकाने सातव्या दिवसाचा आकडा दहाव्याचा समजला. आणि 'कोणत्या गोणीतले दाणे' ही चौकट, कारण घरात गोण्या चार असतात आणि पुडी एकाच गोणीतली येते.

दोन वर्षांत माझ्या दोनशे चौदा प्रती निघाल्या. मी कोरा राहिलो. किन्हवलीच्या एका शेतकऱ्याने माझी प्रत घराच्या भिंतीवर डकवली. "पोरीचा कागद म्हणजे कागद," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग प्रणित आला. हा रुचिताचा चुलतभाऊ, वाशिंदला राहतो. काम वाढले म्हणून तिने त्याला मदतीला घेतले. त्याने मला उघडले आणि नाक मुरडले.

"ताई, हा काय अवतार गो? गॅसच्या पावतीसारखा दिसतो."

"दिसू दे. काम करतो ना?"

"ब्रँडिंग नावाची गोष्ट असते, ताई. थांब, मस्त करतो."

त्याने मला मस्त केले. भोवती हिरव्या पानांची किनार लावली. डोक्यावर भाताच्या लोंबीचे चित्र बसवले. माझे तीन अवतार काढले : शेतकऱ्यांसाठी हिरवा, दुकानदारांसाठी निळा, फार्महाऊसवाल्यांसाठी सोनेरी. हवे तसे बदलता येणे हा माझा गुण आहे, मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. पण पानांची किनार तळाशी नीट बसेना, तेव्हा त्याने एक चौकट पुसून टाकली. 'कोणत्या गोणीतले दाणे' ती चौकट.

"अरे, ती कामाची आहे," रुचिता म्हणाली.

"कोण वाचतं, ताई? शेवटचा टक्का बघतात नि फोन खिशात घालतात."

ती हसली आणि दुसऱ्या पुडीकडे वळली. मित्रांनो, प्रणितवर माझा राग आहेच, पण त्या हसण्यावर जास्त आहे. ती चौकट का घातली हे तिला ठाऊक होते. त्याला नव्हते.

यंदाच्या मे महिन्यात त्रेपन्न पुड्या आल्या. शेतात राब, म्हणजे भाताची रोपे करायचे वाफे, भाजून तयार होते आणि सगळ्यांनाच घाई होती. रुचिता गावोगाव हिंडून पुड्या गोळा करी. दाणे तीच मोजी आणि आकडे पेन्सिलीने वहीत लिही. वहीवरून अहवाल भरण्याचे काम प्रणितकडे आले.

वाशिंदजवळच्या एका फार्महाऊसवाल्याने भात पत्र्याच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या पिंपात ठेवले होते. दाणे उन्हाने शिजल्यासारखे झाले होते. शंभरात अठ्ठावीस उगवले. प्रणितने माझी प्रत काढलीच नाही. त्याने मलाच भरले. 'उगवण २८ टक्के, पेरणीस अयोग्य' असे लिहून, सेव्ह करून पाठवून दिले. तो आकडा माझ्या कोऱ्या चौकटीत तसाच बसून राहिला. मी काय करणार? मला तोंड नाही.

पुढची पुडी टोकावड्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लडकूची होती. प्रणितने मला उघडले, सोनेरीचा हिरवा केला, नाव बदलले, गाव बदलले, तारीख बदलली. आकड्याकडे पाहिलेही नाही. अहवाल लडकूच्या फोनवर गेला. हिरव्या पानांच्या किनारीत, सुबक अक्षरांत, चक्क खोटा!

पाच दिवसांनी लडकू खोलीत आला. पुढे त्याची आई होती, धोंडीबाई. तिने पदराखालून एक ओले फडके काढले आणि लॅपटॉपशेजारी ठेवले.

"तुमच्यात कागदवाली कोन गो?"

"मी, आजी. बसा ना."

"बसाया नाय आले. ह्ये बघ." तिने गाठ सोडली. आत मूठभर तांबूस भात होते आणि जवळजवळ प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब होता. "ह्यो गोणी भरडाया नेत व्हता, तवा अंगणात सांडलं. मी उचलून भिजत घातलं. मेलेलं भात असं डोळं उघडतं का गो?"

लडकूने फोन पुढे केला. "मॅडम, तुमीच लिवलंय. अठ्ठावीस टक्के. अयोग्य. मी म्हनलं, घरातलं बी मेलं, तर निदान तांदूळ तरी होईल. गिरनीवर नेलं. आता आय मला जेवाया वाढत नाय."

"का रे, तांबड्याचा भात खा ना! गोनीभर करून आनलास. खा!"

"ऐका हिचं, मॅडम. दोन दिवस असंच चाललंय."

"चालनारच. माझ्या सासूनं दिलेलं बी. गावात समद्यांनी दुकानचं धरलं. तांबडं आता माझ्याच घरात हाय. ते संपलं तर आनायचं कुठून? तू आनशील?"

रुचिताने वही उघडली. लडकूच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिले होते : दहावा दिवस, कोंब ९१. मग तिने पाठवलेला अहवाल उघडला. २८. मग तिने मला उघडले. माझ्यात, जिथे काहीच नसायला हवे होते तिथे, २८.

प्रणितचा चेहरा पडला. "ताई, मी नाव बदललं होतं. गावपण बदललं होतं..."

"नाव बदललंस. आकडा कुणी बदलायचा?"

"लॅपटॉपनेच जुनं उचललं असेल."

मित्रांनो, हे ऐकून माझी किनारीची पाने जळायला हवी होती. चूक करणारा समोर उभा आणि दोष माझ्या घराला!

"लॅपटॉपने नाही उचललं," रुचिता म्हणाली. "तू नवी प्रत काढली नाहीस, आणि पाठवायच्या आधी मी वाचलं नाही. आजी, चूक माझी आहे. घरात आणखी बी आहे का?"

"एक गोनी हाय," लडकू म्हणाला. "पन ती त्याच्या आदल्या सालची. मी ती बी नेनार व्हतो. कागदावर कुठं लिवलं व्हतं, ह्या गोनीचं नि त्या गोनीचं? मला वाटलं घरातलं समदंच गेलं. आय गोनीवर बसली म्हनून ऱ्हायली."

"बसले तर काय! दोन दिस उठले नाय. जेवन बी तितंच."

रुचिताने वही मिटली. मग म्हणाली, "आजी, ते भात जुनं आहे. नव्या गोणीचा आकडा त्याला लावता येणार नाही. पन्नासच्या वर कोंब आले तर दाट पेरायचं, बी टिकेल. पन्नासच्या खाली गेलं तर राब भरणार नाही, आणि तुमचं तांबडं वाचेल असं मी सांगू शकणार नाही."

धोंडीबाईने कमरेची पुरचुंडी काढली. त्या गोणीतले दाणे तिने सोबतच आणले होते.

"माझ्यासमोर मोज. आनि ह्या नक्षीवाल्याला लांब बसव."

प्रणित दाराशी जाऊन बसला. रुचिता एकेक दाणा मोजू लागली, धोंडीबाई बोटावर दहा-दहांचे हिशेब ठेवत होती. दोघींचे शंभर एकाच वेळी झाले.

त्याच दुपारी रुचिताने माझ्यातले अठ्ठावीस पुसले. पानांची किनार काढली. 'कोणत्या गोणीतले दाणे' ही चौकट परत घातली आणि मला कुलूप लावले. आता माझी प्रत काढता येते, मला बदलता येत नाही. तिने त्रेपन्नही अहवाल वहीशी ताडून पाहिले. मग वाशिंदच्या लोकलची वेळ झाली तरी प्रणितला न सोडता सगळे मोठ्याने वाचायला लावले. पण भरडलेल्या गोणीचे पुन्हा बी झाले नाही. कुलूप तीन वर्षांपूर्वी लावता आले असते. हे मी कसे विसरू?

मित्रांनो, तुमच्याकडेही माझे भाऊबंद असतील. अर्जाचे, पत्राचे, प्रयोगाच्या नोंदीचे. त्यांना हवे तसे रंगवा, सजवा, वळवा. पण एखादी चौकट पुसण्याआधी ती कुणी आणि का घातली ते विचारा. भरण्याआधी प्रत काढा. पाठवण्याआधी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचा, कारण पलीकडे कुणीतरी त्या आकड्यावर विश्वास ठेवून घरातली गोणी उचलणार असते. आणि चुकलात तर आमच्याकडे बोट दाखवू नका. आम्ही तेवढेच बोलतो जेवढे तुम्ही आमच्यात लिहिता.

दहाव्या दिवशी धोंडीबाई आणि लडकू सकाळच्या एसटीने आले. रुचिताने ओला कागद त्यांच्यासमोर उलगडला. मोजणी दोनदा झाली. मग तिने माझी नवी प्रत काढली, तिला नाव दिले आणि भरली.

कोणत्या गोणीतले दाणे : दुसरी, आदल्या सालची. घेतलेले दाणे : १००. कुजलेले : १७. न फुटलेले : २५. कोंब आलेले : ५८.