मदर लुव्हिनियांचा बूट

आमच्या मेम्फिसच्या चर्चमध्ये गाणं देवाचं की नाचघरातलं, हे पाद्री नव्हे, पहिल्या बाकावरच्या, सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर लुव्हिनियांचा उजवा बूट ठरवायचा. त्यानं ताल धरला नाही, तर गाणाऱ्यांना पुन्हा उभं करत नसत. तरी माझा भाऊ क्लीओफस आपल्या तीन मुलींसह नाचघरातल्या 'सोल' संगीताच्या ठेक्यातलं भजन आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला.

"मी पाय आखडून बसणार," मदर म्हणाल्या.

"बसा की, मदर," धाकटी वर्नेल म्हणाली. "आम्ही येशूला ऐकवतोय."

दोन कडवी बूट ढिम्म हलला नाही. तिसऱ्याला मात्र तो पायातून सुटला आणि एकटाच ताल धरत वेदीपर्यंत गेला. मीच उचलून आणला, तेव्हाही हातात थरथरत होता.

मदर म्हणाल्या, "पुढच्या रविवारी नाड्या घट्ट बांधून येते. गिटार विसरू नका."