गुरुवारची यादी

दोन्ही देशांनी आपापले राजदूत माघारी बोलावले, तेव्हाही एक काम चालू राहिलं. आपल्याकडे कोणी फार आजारी असेल आणि त्याचं जवळचं माणूस पलीकडे असेल, तर त्या माणसाचं नाव यादीत घालायचं. दर गुरुवारी मी ती यादी सीमेवरच्या फाटकात पलीकडच्या कारकुनाच्या हातात द्यायचो. आठवड्याभरात परवानगी यायची.

काल त्याच यादीमुळे मला चर्चेला बोलावलं. तीन वर्षांनी दोन्हीकडचे सचिव एका टेबलाशी बसले होते. आमचे साहेब म्हणाले, "सगळं बंद पडलं तरी यादी बंद पडली नाही, हेच आपण चर्चेत पुढे मांडणार आहोत. तुम्ही फक्त दोन शब्द बोला. आणि मयताला आल्यासारखं तोंड नको." मग त्यांना आठवलं आणि ते उगाच फाईल चाळू लागले. माझी बायको जाऊन चौदा महिने झाले.

बायको पलीकडची. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने एकच मागितलं. "आईला बोलवा. यादी तुमच्याच हातात आहे ना?"

मी अर्ज लिहिला आणि खिशात ठेवला. यादी नेणाऱ्यानेच सासूचं नाव घातलं, तर लोक काय म्हणतील? त्यात माझ्या बढतीचे कागद वर गेले होते. बायको कुठली, हे तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर यायला नको होतं. मी त्याला सचोटी म्हणत होतो. तिला सांगितलं, "तिकडून नकार आला." सासूला फोनवर तेच सांगितलं.

"माझीच माणसं, बघा," बायको म्हणाली. शेवटपर्यंत ती त्यांच्यावर रुसून राहिली.

चहाच्या सुट्टीत पलीकडचा कारकून व्हरांड्यात भेटला. फाटकात आम्हाला हवापाण्यापलीकडे बोलायची बंदी होती. काल मात्र तो सुटलाच होता.

"तुमचा चहा फारच पातळ हो. इतिवृत्तात घालायला सांगू का?" मग म्हणाला, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"गेली. गेल्या वर्षी."

"अरेरे. मला काहीच कळलं नाही." त्याने कप कठड्यावर ठेवला. "तुम्ही दिलेलं एकही नाव आम्ही परत पाठवलं नाही, एवढं समाधान आहे. पण एक म्हातारी दर सोमवारी माझ्या खिडकीवर येऊन शिव्या घालते. म्हणते, मुलीच्या शेवटच्या वेळी तुम्ही मला अडवलंत. तिच्यापुढे सगळ्या याद्या ठेवल्या. म्हटलं, आजी, तुमचं नाव आलंच नाही. तर म्हणते, तू खोटारडा, माझा जावई खोटं बोलायचा नाही." तो हसला. "नशीबवान जावई. मी किती वाजले ते सांगितलं तरी माझी सासू भिंतीवरचं घड्याळ बघते."

"तो जावई मी," मी म्हणालो.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मी वर्षभर बोलणी खाल्ली, त्याचं काही नाही," तो हळू म्हणाला. "पण त्या बाईला मी वेडी समजत होतो."

साहेब दारात आले. "चला, तुमचीच वाट बघतायत."

"पाच मिनिटं," म्हणालो आणि जिन्याखाली जाऊन फोन लावला.

"कोण, जावईबापू? जेवलात का?"

"आई, तिकडच्यांनी तुम्हाला अडवलं नव्हतं. अर्ज मीच दिला नाही."

सासूने विचारलं,

"तिला माहीत होतं?"

"नाही. तुमच्याच लोकांनी नाकारलं, असं समजून गेली."

"मग आता तिला कोण सांगणार?" सासू म्हणाली.

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो. वरून साहेबांनी मला बोलवायला माणूस पाठवला.