आठ गोण्या खारी माती

दशरथ साटमला राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर तो जेवण सोडून तेच चघळत बसे. गिरगावातल्या छापखान्यात छत्तीस वर्षं मशीन चालवून तो रिटायर झाला, चाळीतली खोली विकून मीरा रोडला सिल्व्हर पार्कात चौथ्या मजल्यावर राहायला आला, तेव्हा त्याच्या हातात बिल्डरचं रंगीत पुस्तक होतं. त्यात इमारतीपुढे बाग होती, बागेत कारंजं होतं आणि कारंज्याशेजारी एक गोरी बाई कुत्रा घेऊन उभी होती. प्रत्यक्षात गेटजवळ दोन खाटांएवढी पट्टी निघाली. भोवती गेरू-चुना फासलेल्या तिरक्या विटा आणि आत क्रोटनची बारा झाडं. कारंजं नाही, बाई नाही. कुत्रा तेवढा होता, तो नाथा वॉचमनच्या खुर्चीखाली झोपायचा.

"ही बाग?" दशरथनं पहिल्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला, पराग दिघेला, विचारलं. "ह्याला आमच्याकडे थडगं म्हणतात."

ती बारा झाडं परागनं स्वतः निवडून आणली होती. रोज बँकेत जाण्याआधी तो त्यांची पानं रुमालानं पुसायचा. तेव्हापासून दोघांचं फाटलं ते फाटलंच.

त्यात दोन हजार सहाच्या दसऱ्याला दशरथनं गाडीवरून आणलेली भेंडी मोडेना. वाकवली तर रबरासारखी वाकली. झालं. त्यानं जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "यापुढे साटम स्वतः पिकवलेलं खाणार. टेरेसवर!"

"जेवताना मीठ स्वतः वाढून घेता येत नाही, आणि भाजी पिकवणारेत," बायको संपदा दारातूनच म्हणाली. तिचं दुखणं जुनं होतं. तेहतीस वर्षांत दशरथनं तिच्या एकाही भाजीला अळणी म्हटल्याशिवाय घास घेतला नव्हता.

पराग दिघेनं परवानगी दिली, पण लेखी. 'ट्रायल बेसिसवर, फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत.' भाजी आली आणि स्लॅब गळला नाही तर पुढे बघू, नाहीतर टेरेस रिकामी करायची. खाली सही, सहीखाली शिक्का. दशरथनं तो कागद फ्रिजवर चिकटवला. आता माघार नव्हती. सगळी बिल्डिंग बघत होती.

कुंड्यांऐवजी थर्माकोलचे खोके आले. ते दिले चंद्रावतीनं. ती उत्तनची, मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बिल्डिंगीत मासळी घेऊन यायची. राहिली माती. भाईंदरच्या मिठागरांच्या कडेला कुठल्याशा नव्या टॉवरचा पाया खणत होते, तिथे मातीचा डोंगर पडला होता. काळीभोर, ओली, हातात घेतली की लोण्यासारखी. दशरथनं आठ गोण्या भरल्या.

"चाचा, गाव का पूरा खेत उठा के ले जा रहे हो क्या?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"खेत नहीं, सोना है सोना," दशरथ म्हणाला. जन्म गिरगावात गेलेला माणूस. त्याच्या लेखी काळी माती म्हणजे कसदार माती.

मेथी उगवली खरी, पण आठवड्यात तिच्या पानांच्या कडा जळाल्या. वांग्यांची रोपं मान टाकून बसली. मातीवर पांढरी पापडी धरली. दशरथला वाटलं, रोग पडला. त्यानं हळद टाकली, राख टाकली, ताक शिंपडलं. पापडी वाढतच गेली. शेवटी त्यानं चंद्रावतीला टेरेसवर आणली. तिनं टोपली खाली ठेवली, चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि थू करून थुंकली.

"कुठशी आणलीस ही?"

"मिठागराकडची. कशी काळीभोर आहे ना?"

"काली हाय म्हणून भाजी येते काय? कोलसा पन कालाच हाय. चाख."

"माती?"

"मंग श्रीखंड काय? चाख!"

दशरथनं चाखली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी खारट लागलं.

"पापलेट पुरून ठेव ह्याच्यात, दशरथभाव, वरीसभर टिकल," चंद्रावती पोट धरून हसत म्हणाली. "मेथी न्हाय व्हायची." आणि मग आपली टोपली घेऊन प्रत्येक मजल्यावर हे सांगत खाली उतरली. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'खारे साटम' पडलं होतं. परागनं लिफ्टमध्ये विचारलं, "काय साटम, मीठ किती दिवसांत तयार होतं?"

दशरथ काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही की काहीतरी वाईट करतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाथा टँकरवाल्याशी भांडायला मागच्या गेटला गेला होता. तेवढ्यात दशरथनं खोक्यांतली माती पुन्हा भरलेल्या आठही गोण्या लिफ्टनं खाली आणल्या आणि क्रोटनच्या पट्टीत ओतल्या. पसरल्या, थापल्या, वरून दोन बादल्या पाणी मारलं. शोभेची झाडं ती, खातात काय आणि पितात काय, असं तो स्वतःला सांगत होता. ते खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"माती कुठे टाकलीत?" संपदानं विचारलं.

"लागली ठिकाणाला," तो म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं.

गंमत पुढेच झाली. संध्याकाळी पराग आला, पट्टीतली ताजी काळी माती बघून हरखला. "नाथा, खत टाकलंस? शाब्बास!" आता नाथाला त्या सोसायटीत सहा वर्षांत कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "व्हय साहेब." फुकट आलेलं कौतुक कोण परत करतो?

दशरथ मात्र पुन्हा भिडला. घोडबंदर रोडवर चेण्याला जाऊन त्यानं लाल माती आणली. आधी चाखली, मगच भरली. माती विकणारा घाबरून दोन पावलं मागे सरला. शेणखत मिसळलं. चंद्रावतीनं सांगितलं, "ताज्या मासलीचं धुवन घाल. खाऱ्या मासलीचं न्हाय हां, न्हायतर परत रडशील." तेही घातलं. मुळा आला, पालक आला, दुधीचा वेल टाकीच्या शिडीवर चढला.

आणि वास सुटला. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन टेरेसवर पापड वाळवायला यायच्या. शुद्ध शाकाहारी बाई, कांदासुद्धा दिवस बघून खाणारी. नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, "दशरथभाई, आ शेनी वास आवे छे?"

"खत है, हंसाबेन. एकदम ऑरगॅनिक."

हंसाबेननं वेलाकडे बघितलं, दशरथकडे बघितलं, आणि पापड चार हात लांब सरकवले. पण येणं सोडलं नाही.

डिसेंबरात नवं संकट. दुधीला फुलं यायची, बोटाएवढे दुधी धरायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. रोज सकाळी दशरथ ते गोळा करायचा आणि वेलाला शिव्या घालायचा. चौथ्या दिवशी हंसाबेन म्हणाल्या, "गाली देने से बच्चा होता है क्या? शादी करानी पडेगी. इतने ऊपर भमरा नहीं आता."

त्यांचं बालपण काठेवाडात भाजीच्या वाड्यांमध्ये गेलेलं. संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उमलल्यावर त्यांनी दशरथला वेलापाशी उभं केलं. "ये देखो, सीधी डंडी, ये दूल्हा. और ये पीछे छोटी दूधी लेके आई है, ये दुल्हन." नराचं फूल तोडून त्यांनी मादीच्या फुलावर हलकंच फिरवलं. "हो गया लगन. अभी गुस्सा मत करना, नई बहू है."

दशरथनं खरंच आवाज खाली घेतला. जानेवारीत सहा दुधी लटकले. त्यातला एक हाताएवढा झाला. दशरथ त्याला दिवसातून चार वेळा बघून यायचा, आणि खाली येऊन अळणी भाजी निमूट खायचा. संपदा काळजीत पडली. "बरं वाटत नाही का?"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पराग दिघे, हातात अजेंडा. दशरथ मांडीवर तो दुधी घेऊन बसला होता, बारशाला आणलेल्या पोरासारखा. पहिलाच विषय टेरेसचा. दुधी हातोहात फिरला. स्लॅब कोरडा होता. हंसाबेननं दोन्ही हात वर केले. परागनं नाक मुरडत लिहिलं, 'परवानगी कायम.' टाळ्यासुद्धा पडल्या.

दशरथ जिंकला होता. आता त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

"विषय दुसरा," पराग म्हणाला. "नाथाला काढायचं."

सगळ्यांनी गेटकडे बघितलं. पट्टीत क्रोटनच्या बारा काड्या उभ्या होत्या. एकावरही पान नव्हतं.

"हा म्हणतो खत टाकलं. कुठून आणलंस, कसलं टाकलंस? मी स्वतः आणलेली झाडं होती ती!" परागचा आवाज कापला. रुमाल त्याच्या हातातच होता.

"साहेब, रोज पाणी घालतो मी," नाथा म्हणाला. खरं सांगावं तर शाब्बासकी खोटी ठरणार, खोटं सांगावं तर नोकरी जाणार. बिचारा कुत्र्याकडे बघत उभा राहिला.

"टाकलंस की नाही?"

"...न्हाई साहेब. तवा मी उगाच हो म्हनलं."

"म्हणजे खोटारडा पण! बघा, लोकहो."

आणि लोक बघत होते. वॉचमनला काढताना सोसायटीत जी एकी होते ती पाण्याच्या टँकरसाठीही होत नाही. चार हात वर गेले, सहा गेले. दशरथच्या मांडीवरचा दुधी एकदम जड झाला. चार महिने ज्याच्यामागे घालवले ते त्याचं होतं, शिक्क्यासकट. त्यानं नाथाकडे बघितलं. मग दुधी संपदाच्या हातात दिला आणि उठला.

तो पट्टीपाशी गेला, वाकला, चिमूटभर माती उचलली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली.

"खारट आहे," तो म्हणाला. "मिठागराची. आठ गोण्या. मी टाकली."



"मुद्दाम?" परागनं विचारलं.

"मुद्दाम. तू लिफ्टमध्ये हसलास म्हणून. वॉचमनचा काही संबंध नाही. काढायचं तर मला काढा. मी पण फुकटच बसून असतो."

पराग ताडताड आला, त्यानंही माती उचलून जिभेवर ठेवली. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं, मग नाथासुद्धा. पराग मात्र हसला नाही. त्यानं 'परवानगी कायम'वर काट मारली. "टेरेसला कुलूप. किल्ली माझ्याकडे. ही पट्टी हिरवी होईल तेव्हा मागायची."

"अने मारी दूधी?" हंसाबेन उठल्या. "पाणी कोण घालणार?"

"तुम्ही घाला. तुम्हाला किल्ली मिळेल," पराग म्हणाला.

"पण हंसाबेन," परागला आता सूडच घ्यायचा होता, "ह्यानं त्या वेलाला मासे धुतलेलं पाणी घातलंय, माहीत आहे?"

दशरथनं डोळे मिटले.

"मेरे को नाक है, परागभाई," हंसाबेन शांतपणे म्हणाल्या. "झाड मच्छी खाता है, मैं झाड खाती हूँ. बीच का भगवान देख लेगा."

एवढ्यात चंद्रावती टोपली घेऊन गेटातून आत आली. सगळा प्रकार कळल्यावर तिनं कमरेवर हात ठेवले. "आरं येड्या! वरची सगली माती खरवडून काढ. खालची गोड्या पान्यानं धू, निचरा होऊ दे, परत धू. आनि आधी घोलीची भाजी लाव. घोलीला थोडं मीठ चालतं. मंग लाल माठ."

दशरथ दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी नाथाही बसला, कुणी न सांगता. खरवडलेली माती पुन्हा गोण्यांत भरून दशरथनं जिथून आणली तिथेच नेऊन टाकली. रिक्षावाला तोच निघाला. "सोना वापस?" म्हणाला. पट्टी धुवायला पाणी कुठून आणायचं? नळाला पाणी दिवसाआड यायचं. मग तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी घरोघरून खाली येऊ लागलं. बायका वरून हाक मारायच्या, "साटमकाका, बादली न्या!" आणि साटमकाका वर जायचे, कुरकुर करत, पण जायचे.

मार्च संपताना पट्टीत घोळ पसरली, जाडजूड पानांची. तिच्यामागून लाल माठ. एका सकाळी पराग बँकेत जायच्या वेळी तिथे थांबला. दशरथ विटांना गेरू लावत होता. पराग वाकला, चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. बराच वेळ तोंड हलवत राहिला.

"काय?" दशरथनं विचारलं.

"अळणी," पराग म्हणाला.

खिशातून टेरेसची किल्ली काढून त्यानं विटेवर ठेवली. मग दोन पावलं गेला, परत वळला. "माठाची एक जुडी बाजूला ठेवा. आणि इथे कोपऱ्यात एक तरी क्रोटन लावू द्या, साटम."

"एक. जास्त नाही," दशरथ म्हणाला.

त्या दुपारी संपदानं घोळीची भाजी केली. दशरथनं पहिला घास घेतला. ती मिठाचा डबा पुढे सरकवून वाट बघत राहिली.

"अळणी आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा वाढून घेतली.