बांधावरचा पाढा

डोळे तपासणारा माणूस शाळेत आला तो भर दुपारी. शकूने तक्त्याची सर्वांत खालची बारीक ओळ घडाघडा वाचली आणि वर्गशिक्षिका वत्सलाबाईंचा ऊर भरून आला. चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी हीच एक पोर हेरली होती. आईबाप मिठागरात राबणारे, पण पोर गणितात भल्याभल्यांना पाणी पाजणारी. "नजर एकदम चोख," तो माणूस म्हणाला. दुपारी ती चोखच होती.

खोट होती ती दिवस कलल्यावर. दिवेलागणीला शकूच्या डोळ्यांपुढे काळोख उतरायचा, मग कंदील असो वा नसो. हे तिची आई धोंडुबाई जाणत होती आणि वर्गातली मैत्रीण मालू. धोंडुबाईने लेकीला बजावून ठेवलं होतं, "कुनाजवल बोलू नको गो. रातांधली पोर कोन करील?" नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी आधी, डोळ्यांची नंतर. घरात रोज भात नि मिरचीचा ठेचा. त्यावर डोळे तरी काय पोसणार!

शाळा पेणजवळ, गाव खाडीच्या काठाला. मध्ये खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, आणि त्यावरून एकामागे एक चालता येईल एवढीच वाट. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे खाडी. संध्याकाळी घरी परतताना मालू पुढे चालायची आणि तिच्या दप्तराचा बंद धरून शकू मागे. मालू मोठ्याने पाढे म्हणायची. पाढ्यांत ती कच्चीच. बारा आठेला हटकून अडायची, की मागून शकू ओरडायची, "शहाण्णव!" मग दोघी खिदळायच्या.

दिवाळीनंतर बाईंनी शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केला. बाई रोह्याच्या, पेणला खोली घेऊन राहिलेल्या, शाळेसाठी जीव टाकणाऱ्या. पण पोरगी म्हणजे गणित सोडवणारं डोकं, त्याखाली पोट असतं, पाय असतात, भीती असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अंधारलं की मालू शकूच्या कानाशी लागून फळ्यावरचं गणित वाचायची. बाईंना ती टवाळकी वाटली.

"मालू, तू परीक्षेला बसणार आहेस का? उद्यापासून घंटा झाली की घरी जायचं."

"मंग शकूला पन माज्यासंगं सोडा ना, बाई."

"का? शकू, तुला घरची वाट माहीत नाही?"

शकूला आईचं बजावणं आठवलं. "म्हाईत हाय," ती खालमानेने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालू घंटेला गेली. ऊन उतरलं तशी शकू सरकत सरकत दाराशी जाऊन बसली. तिने पाटीवर लिहिलेली एक ओळ दुसरीवर चढली होती. "बाई, आज लवकर जाऊ?" तिने विचारलं.

"एवढं गणित सोडव, मग जा."

गणित सुटेना. बाई वैतागल्या. "कुठे लक्ष असतं तुझं? जा!" म्हणत त्या फळा पुसायला वळल्या. भिंत चाचपत शकू बाहेर पडली, ते त्यांनी पाहिलंच नाही. खोलीला कुलूप लावताना पायरीवर शकूच्या चपला दिसल्या. वेंधळी कुठली, असं म्हणत त्यांनी त्या उचलल्या. पायांना वाट कळावी म्हणून पोर अनवाणी गेली होती.

तेवढ्यात मालू धापा टाकत आली. "बाई, शकूला न्यायला आले."

"ती मघाशीच गेली. वाटेत भेटली नाही?"

"मी बांधावरनंच आले, बाई. मना कोन भेटला नाय." मालूने बाईंचा पदर ओढला. "तिला अंधाराचा दिसत नाय."

बाई धावत सुटल्या. कंदील घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. खाडीला भरती लागली होती आणि बांधाच्या मातीवर पाणी चुबुक चुबुक आपटत होतं. "शकू! शकू!" बाईंचा आवाज चिरकला.

"तुमी गप ऱ्हावा, बाई," मालू म्हणाली. "तिला माज्या आवाजाची सवय हाय." ती बांधाच्या कडेला उभी राहिली आणि अंधारात मोठ्याने सुरू झाली, "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस..."

बाईंनी हातातल्या चपला छातीशी धरल्या होत्या.

"बारा आठे..." मालू थांबली.

पाणी चुबुक चुबुक करत राहिलं. मालूने श्वास भरून घेतला आणि पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने, "बारा आठे?"