मेजावरच्या देहाने बोलू नये

सन १९५३च्या फेब्रुवारी महिन्यातील तिसऱ्या मंगळवारी, मिसूरी नदीच्या पश्चिमेस वसलेल्या हॉलबर्ट क्रॉसिंग या गावी, डॉ. मर्ल डिट्रिक यांच्या दवाखान्याच्या मागील खोलीत, राज्याच्या कायरोप्रॅक्टर परीक्षा मंडळाने परवान्यासाठीची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. मंडळाचे तिन्ही सभासद हजर होते. दोघे खुर्च्यांवर बसले होते, तिसरे, डॉ. एल्डन हॅगस्ट्रम, कमरेपर्यंत उघडे होऊन मेजावर पालथे पडले होते.

यात कोणाचा अवमान नव्हता. ती मंडळाची रीतच होती, आणि ती हॅगस्ट्रम यांनीच घातली होती. मणके हाताने चाचपून जागच्या जागी बसवण्याची विद्या आपल्याला येते असे जो म्हणतो, त्याची परीक्षा कागदावर घेणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर घेणे होय, असे त्यांचे म्हणणे. परीक्षेला देह हवा, आणि त्या देहाचा कणा परीक्षकांना आधीच ठाऊक हवा. म्हणून त्यांनी आपलाच देह देऊ केला. त्या वेळी त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढला गेला. त्यात कमरेचा पाचवा मणका डावीकडे कललेला स्वच्छ दिसत होता. ती फिल्म डिट्रिक यांच्या खणात जपून ठेवलेली असे. उमेदवाराने तो मणका शोधावा, त्याचे नाव सांगावे, आणि दाब देऊन तो बसवून दाखवावा. दुसरा नियमही हॅगस्ट्रम यांचाच: मेजावरच्या देहाने बोलू नये. हुंकार देऊ नये, अंग चोरू नये. कारण देहाने केलेली खूण ही एकाला झालेली मदत आणि म्हणून दुसऱ्यावर झालेला अन्याय.

न्यायाविषयी ते इतके काटेकोर होते, याला कारण होते. तरुणपणी, या धंद्याला कायदाच नव्हता तेव्हा, विनापरवाना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून ते तुरुंगात गेले होते. गजांना पाठ टेकवून लोक रांगेने उभे राहत आणि ते आतून हात घालून त्यांची पाठ बसवून देत. शेवटी खुद्द शेरीफही रांगेत लागला, ही गोष्ट गावोगाव हसत सांगितली जाई. हॅगस्ट्रम मात्र ती कधी सांगत नसत. पुढे विधिमंडळासमोर त्यांची साक्ष झाली तेव्हा ते म्हणाले होते, "हाताला हाड वाचता येते, असा माझा दावा आहे. तो खरा की खोटा, हे राज्याने तपासावे. आम्हाला मोकळीक नको, तपासणी हवी." कायदा झाला. परवाना म्हणजे बक्षीस नव्हे, आपण होऊन मागून घेतलेली बेडी आहे, असे ते नव्या लोकांना बजावत.

आणि तरीही वर्षानुवर्षे त्या मेजावर पालथे पडून, डोक्याकडच्या फटीतून उमेदवारांचे नुसते बूट पाहत असताना, त्यांच्या मनात एक शंका घर करून बसली होती. हात येत, घाईने पाठीवरून खाली घसरत, थेट कमरेशी थांबत, दाबत आणि निघून जात. सारे उत्तर बरोबर देत. पण आपली पाठ कोणी वाचली, असे त्यांना एकदाही वाटले नव्हते. तुरुंगात बसून जो दावा केला तो खराच होता का, की तीही एक जिद्दच होती? हे त्यांनी कोणापाशी बोलून दाखवले नव्हते. जसे या हिवाळ्यात पाठीच्या मध्यभागी उठलेल्या दुखण्याविषयीही ते कोणापाशी, अगदी बायकोपाशीही, बोलले नव्हते. बर्फ उपसताना लचक भरली असेल, एवढेच त्यांनी स्वतःला सांगितले होते.

सकाळचे उमेदवार आटोपले. डिट्रिक आणि तिसरे परीक्षक क्लॉइड वेंगर कॉफी आणायला पुढच्या खोलीत गेले. उठण्या-निजण्याचा त्रास नको म्हणून हॅगस्ट्रम तसेच पडून राहिले. दार पुरते लागले नव्हते. बाहेरच्या बाकावरचे बोलणे आत येत होते.

"लिओटा, गेल्या वर्षी काय दिवे लावलेस म्हणे तू?" आवाज सकाळी पास झालेल्या रॉय हेफ्नरचा होता. "इथून निघून आईच्या कुशीत जाऊन रडलीस, असं ऐकलं."

"रडले नाही. आईने भाजलेले कोलाचे खाल्ले, ते गोड पाव. सहा."

"मग आता नीट ऐक. कमरेचा पाचवा, डावीकडे. माझ्या काकांना हेच आलं होतं, चुलतभावालाही हेच. म्हाताऱ्याची पाठ म्हणजे अख्ख्या राज्यात फुटलेला पेपर आहे बघ."

"मला तो कल सापडला नव्हता, रॉय."

"सापडायला कशाला हवा? ठाऊक असला म्हणजे झालं. मला तरी कुठे सापडला?"

बाक करकरला. मग तो आवाज जरा खाली आला, त्यातली थट्टा निघून गेली. "हे बघ, कायद्यात दोनच संधी आहेत. आज चुकलीस तर दार कायमचं बंद. तिकडे तुझ्या गावात खोली घेऊन ठेवलीयस, दारावर नाव रंगवून झालंय. हाताचं राहू दे. तोंडाला सापडू दे एकदा."

तिने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही.

हॅगस्ट्रम यांचे कपाळ मेजाच्या कातड्याला टेकलेले होते. ते तिथेच टेकून राहिले. फुटलेला पेपर. त्यांना राग यायला हवा होता, पण आले ते उत्तर: इतकी वर्षे छळणाऱ्या शंकेचे सरळ, साधे उत्तर. हात कमरेशी थांबत होते, कारण तिथे थांबायचे हे ते घरूनच ठरवून येत होते. आणि गेल्या वर्षी मिस लिओटा व्होंड्रा नावाच्या मुलीला कल सापडला नाही म्हणून तिच्या विरुद्ध पहिला हात वर झाला होता, तो त्यांचाच.

परीक्षक परतले. वेंगर यांनी दारातून नाव पुकारले. फटीखाली तपकिरी बूट येऊन थांबले. गेल्या वर्षीचेच, फक्त तळ नवे घातलेले. आता ही काय करते, याची हॅगस्ट्रम यांना जेवढी उत्सुकता होती तेवढी आयुष्यात कोणत्याच निकालाची वाटली नव्हती. तिला उत्तर ठाऊक होते. ते तिने द्यावे, असेही त्यांना वाटले. देऊ नये, असेही वाटले.

हात आले. ते गार होते. तिने ते एकमेकांवर चोळले आणि पुन्हा ठेवले. मानेपासून सुरुवात झाली. प्रत्येक मणक्यावर ती बोटे क्षणभर अशी विसावत की जणू दार वाजवून आतून 'ओ' येण्याची वाट पाहत आहेत. खांद्यांच्या पात्यांमधून ती खाली उतरली, थोडी पुढे गेली, आणि मागे आली. मग एका जागी थांबली.

तीच ती दुखरी जागा होती.

ती बोटे दाबत नव्हती. ती नुसती टेकलेली होती, एखाद्या झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तशी. आणि त्यांच्याखाली आपले सगळे गुपित, हिवाळाभर बायकोपासूनही लपवलेले, उघड्यावर येऊन पडले आहे असे हॅगस्ट्रम यांना वाटले. त्यांनी हुंकार दिला नाही. अंग चोरले नाही. नियम पाळला. पण साऱ्या अंगावर काटा उभा राहिला, आणि तो भीतीचा नव्हता. ज्या गोष्टीसाठी आपण गजाआड गेलो ती जगात आहे. ती आता, या घटकेला, आपल्या पाठीवर हात ठेवून उभी आहे.

बोटे कमरेकडे गेली, तिथेही तितकाच वेळ थांबली, आणि उचलली गेली.

"बोला, मिस व्होंड्रा," डिट्रिक म्हणाले. "कोणता मणका, कोणत्या बाजूला?"

"कमरेच्या पाचव्याला कल आहे असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मला तो हललेला वाटत नाही. तो हलतच नाही. तिथे बसवण्यासारखं काही नाही."

वेंगर यांनी खुर्ची सरकवली. "पोरी, गेल्या वर्षी हेच म्हणालीस नि घरी गेलीस. पुन्हा एकदा हात लावून बघ. मी सवड देतो."

"सवडीची गरज नाही, डॉक्टर. वर मात्र, इथे, पाठीच्या मध्यावर काहीतरी आहे."

"काय आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, हे उत्तर झालं होय?"

"आजूबाजूचे स्नायू फळीसारखे ताठ झालेत, जणू त्या हाडाला कोणी हात लावू नये म्हणून पहारा देताहेत. मी बोट ठेवलं तेव्हा यांचा श्वास थांबला. मागे आले तेव्हा पुन्हा थांबला. हे नुसतं सरकलेल्या मणक्याचं लक्षण नाही. मला जे कळत नाही त्यावर मी दाब देणार नाही, आणि दुसऱ्या कोणी देऊ नये. यांना डॉक्टरकडे पाठवा. औषधांच्या डॉक्टरकडे, इस्पितळात."

परीक्षेच्या मेजाशी उभे राहून हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते.

"दाब दिला नाहीत तर गुण कशाचे देऊ?" डिट्रिक यांनी विचारले, त्यांच्या स्वरात चीड नव्हती, अडचण होती.

"ते तुम्ही ठरवायचं, डॉक्टर. कायद्याने ते काम तुम्हाला दिलंय."

तिला बाहेर थांबायला सांगण्यात आले. बूट फटीतून दिसेनासे झाले.

"नापास," वेंगर म्हणाले. "वर आगाऊ. ज्या औषधगोळीवाल्या डॉक्टरांनी एल्डनला तुरुंगात धाडलं, त्यांच्याच दारात ती त्याला उभं करायला निघालीय. ऊठ रे एल्डन, काही तरी बोल. का श्वासाबरोबर वाचाही गेली?"

हॅगस्ट्रम उठून बसले. सदरा त्यांनी घातला नाही.

"क्लॉइड, तिला उत्तर ठाऊक होतं," ते म्हणाले. "बाहेर बाकावर तिला ते सांगताना मी ऐकलं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. माझी पाठ फुटलेला पेपर आहे."

"कोण म्हणतं?"

"सकाळी तू ज्याला शाबासकी दिलीस, तो."

वेंगर यांनी मान वळवून बंद दाराकडे पाहिले.

"आता मुद्दा ऐक. उत्तर ठाऊक असून, परवाना हातातून जात असताना, जो ते देत नाही, त्याच्याबद्दल दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो मूर्ख आहे, नाहीतर त्याचा हात खरं बोलतो. मूर्ख असती तर पाठ केलेलं सोपं उत्तर देऊन मोकळी झाली असती. आणि आणखी एक. ती जागा दुखते. नाताळापासून दुखते. हे मी माझ्या बायकोला, इंगालाही सांगितलेलं नाही."

डिट्रिक यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. मग म्हणाले, "यंत्र पलीकडच्या खोलीत आहे. वाद कशाला घालायचा?"

हॅगस्ट्रम यांना यंत्रापुढे उभे केले गेले. डिट्रिक फिल्म धुवायला अंधाऱ्या कोठडीत गेले, आणि बाकीचे दोघे बाहेर थांबले. वेंगर यांनी खिशातून सिगारेट काढली आणि न पेटवता परत ठेवली. "बर्फच असणार," ते म्हणाले. "तुला कितीदा सांगितलं, मुलाकडून उपसून घे."

ओली फिल्म ठिबकत बाहेर आली. डिट्रिक यांनी ती उजेडाच्या काचेवर टांगली, खणातली जुनी काढून शेजारी लावली, आणि मागे सरले.

जुन्या फिल्मवर कललेला पाचवा मणका होता तसाच होता. नव्यात तो वेगळा मणका म्हणून उरलाच नव्हता. वयाने त्याच्या आणि खालच्या हाडाच्या मध्ये हाडाचेच पूल बांधले होते, आणि दोन्ही मिळून एकच खडक झाला होता. तो हलवणे कोणाच्याही हातात नव्हते, आणि तरी त्याच सकाळी प्रत्येक उमेदवाराने तो हलवून, बसवून दाखवला होता. वर, पाठीच्या मध्यावर, जिथे ती बोटे विसावली होती, तिथल्या मणक्याची कड फिकी झाली होती, उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या कडेसारखी. त्याच्या पोटात पोकळी होती. जिथे हाड पांढरे दिसायला हवे, तिथून मागचा उजेड आरपार येत होता.

वेंगर फार वेळ पाहत राहिले. त्यांनी हात पुढे केला, पण फिल्मला लावला नाही.

"या जागेवर कोणी जोर दिला असता तर," ते म्हणाले, आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मग हळूच म्हणाले, "मीच दिला असता. मागच्या महिन्यात तू म्हणाला असतास ना, पाठ धरलीय, तर मी तुला इथेच झोपवलं असतं."

हॅगस्ट्रम आपल्याच पोकळीतून येणाऱ्या उजेडाकडे पाहत होते. इस्पितळ, इंगा, पुढचा उन्हाळा, हे सारे विचार दाराबाहेर उभे होते आणि आत येणारच होते. पण त्या क्षणी त्यांच्या मनात भीतीला जागा नव्हती. फिल्मने जे दाखवले ते काचेने, विजेने आणि रसायनांनी दाखवले होते. त्या मुलीपाशी यातले काहीच नव्हते. ती गार बोटे चोळत आली, थांबली, तिने जेवढे वाचता आले तेवढेच वाचले, आणि न वाचता आलेल्या ओळीपुढे हात उचलून घेतला. हाताला हाड वाचता येते, एवढाच दावा त्यांनी विधिमंडळापुढे केला होता. हाताला थांबताही आले पाहिजे, हा त्या दाव्याचा उरलेला अर्धा भाग त्यांना आज कळला, आणि परवाना कशाला हवा हे त्या अर्ध्या भागातच होते.

"मते घ्यायची का?" डिट्रिक यांनी विचारले.

"घ्या," हॅगस्ट्रम म्हणाले. "माझं मत धरू नका. मी आज मेजावरचा देह आहे. नियमाप्रमाणे मला बोलता येत नाही. बोललो तेवढं पुरे झालं."

डिट्रिक यांनी हात वर केला. मग वेंगर यांनीही केला, आणि ते दाराकडे गेले.

बाकावर रॉय हेफ्नर टोपी घालून निघण्याच्या बेतात होता, आणि त्याच्या शेजारी मांडीवर हात ठेवून मिस व्होंड्रा बसली होती. दोघेही उठून उभे राहिले.

"सकाळी पास झालेल्यांनी परत यायचं, त्यांची परीक्षा पुन्हा होईल, दुसऱ्या पाठीवर," वेंगर म्हणाले. "मिस व्होंड्रा, तुम्ही घरी जा. तुम्ही पास."