भुरीला कोणी उठवायचं

दूधवाला आला की शकू आधी दुधात बोट बुडवायची, मग माप निरखायची आणि शेवटी दूधवाल्याचं तोंड. वाटेत कुणी हसून बोललं की घरी येऊन तासभर त्या हसण्याचा अर्थ लावत बसायची. नवरा बाबाजी रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. कासू स्टेशनवर उतरून चालत घरी यायला त्याला साडेचार व्हायचे. पावणेपाच झाले की शकूच्या मनात एक बाई उभी राहायची, रोज वेगळ्या साडीतली. बाबाजी बिचारा भाजीची जुडी घेऊन यायचा, तर ती जुडी कुणी निवडून दिली यावर चौकशी बसायची.

अशा बाईच्या ओट्यावर शहाण्णव सालच्या वैशाखात, भर दुपारी, तिची धाकटी जाऊ मालू जिताड्याच्या कालवणाचा टोप ठेवून गेली. दोन्ही घरांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. सामाईक तळ्याचा बांध कुणाच्या वाट्याचा, याचा निकाल पेणच्या कचेरीत अजून लागायचा होता. तोवर बाबाजी आणि त्याचा धाकटा भाऊ विठू एकाच पायवाटेने जायचे आणि समोरासमोर आले की दोघांनाही एकदम खाडीकडे बघायची आठवण व्हायची. मालूने "जिताडा हाय, दादांना आवडतो" एवढंच म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

आता जिताडा म्हणजे खाडीतला मानाचा मासा, काही बोंबील नव्हे की चार जास्त झाले आणि शेजारी दिले. आमच्याकडे जिताडा साहेबाकडे जातो, जावयाकडे जातो, सोयरीक जुळवायची असली की व्याह्याकडे जातो. काम असल्याशिवाय तो कुणाच्या उंबऱ्यावर येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शकूला तर ते चांगलंच माहीत होतं. टोपावरचं झाकण काढायच्या आधीच तिने ठरवून टाकलं की विठूला बांधाच्या कागदावर बाबाजीची सही हवी आहे.

तरी वास सुटला होता. तिने टोप चुलीपाशी नेला, रश्श्यात बोट बुडवलं आणि चाटलं. कडू. नुसतं कडवट नाही, जिभेच्या मुळाशी चिकटून राहील असं कडू. ती मोरीत जाऊन थुंकली, दोनदा चूळ भरली, आणि चूळ भरता भरताच सहीचा विचार मागे पडून दुसरा विचार तिच्या डोक्यात शिरला. तो इतका वाईट होता की तिने त्याला नावही दिलं नाही.

भुरी पायात घोटाळत होती. ही करड्या रंगाची मांजर शकूनेच दोन वर्षांपूर्वी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलेली. शकूने जगात कुणावर डोळे झाकून विश्वास टाकला असेल तर तो हिच्यावर. आणि नेमका हिच्याचपुढे तिने जिताड्याचा एक तुकडा टाकला. आपण मुद्दाम टाकला नाही, हातातून पडला, असं ती पुढे म्हणायची. पण तुकडा हातातून पडायला आधी टोपातून हातात यावा लागतो, तो कसा आला हे तिने कधी सांगितलं नाही.

भुरीने तुकडा खाल्ला, मिशा पुसल्या आणि दाराशेजारच्या गोणपाटावर अंगाची गुंडाळी करून झोपली. शकू समोर पाट घेऊन बसली. तांदूळ निवडायला घेतले होते, पण तिचं लक्ष सुपात नव्हतं.

अर्ध्या तासाने भुरीची मिशी हलली. मग पुढचा एक पाय झटकला. मग चारी पाय बारीक बारीक थरथरायला लागले, जबडा आपोआप हलायला लागला, आणि घशातून एक आवाज आला, तो ना म्याव ना गुरगुर. पोटावरची कातडी लाटेसारखी हलत होती. मग सगळं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

भुरी रोजच अशी झोपत असेल. पण रोज शकू कुठे तिच्यापुढे बसून असायची?

तिने हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. हलवलं आणि भुरी उठली, तर आपण घरच्याच बाईवर नको तो आळ घेतला, मनातल्या मनात का होईना, हे कबूल करावं लागणार. हलवलं आणि ती उठलीच नाही, तर? मग मालू कोण ठरली? शकूच्या डोळ्यांपुढे सगळं झरझर उभं राहिलं. टोपावर लाखेचं सील, ओट्यावर पोलीस, पंच म्हणून गावातले चार जण, आणि मधोमध आपण, पदर सावरून सांगतोय की पहिल्यांदा मला चव कडू लागली. ती काय काय सांगेल याची वाक्यं तिच्या मनात आपोआप तयार व्हायला लागली, आणि ती चांगली जमत होती.

तेवढ्यात शेजारची धोंडुबाई विरजण मागायला आली. तिने मांजरीकडे पाहिलं, मग शकूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय झालं म्हणून विचारलं. शकूने विष हा शब्द तोंडातून काढला नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिने इतकंच सांगितलं की मालूने जिताडा दिला, भुरीने खाल्ला आणि आता ही अशी करतेय. धोंडुबाई वाकून बघत म्हणाली की सपान बघतंय मांजर, हात लावू नको, सपनातून उठवलं की मुका जीव बावरतो. शकूला हा सल्ला फार पटला. कुठलाही सल्ला तिला इतक्या लवकर पटल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

धोंडुबाई विरजण घेऊन गेली. विहिरीपर्यंत पोचेस्तोवर तिने राहिलेलं सगळं आपल्या मनाने जुळवलं होतं.

पंधरा मिनिटांत मालू आली. हात कोपरापर्यंत ओले, पायांत चपला नाहीत. विहिरीवर धोंडुबाईचं ऐकून ती तशीच आली होती. आता ही तोंड सोडणार म्हणून शकू तयारीत उभी राहिली. मालू सरळ चुलीपाशी गेली, टोपाचं झाकण काढलं, पोटाजवळचा मोठा तुकडा घेतला आणि उभ्यानेच खाल्ला. चावताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं, तरी तिने तो गिळला, काटा तेवढा हातावर काढून ठेवला.

"पित्त फुटला व्हता," ती म्हणाली. "मला वाटला, धुतला म्हंजे जाईल."

मालू रोह्याकडच्या वरसे गावची. भाताच्या आणि वालाच्या शेतांतली मुलगी, लग्न होऊन या खाडीकाठी आली तेव्हा जिवंत मासा तिने हातात धरला नव्हता. एकत्र घर होतं तेव्हा मासे शकू साफ करायची आणि भाकऱ्या मालू थापायची, ती वाटणी अठरा वर्षं चालली. घर वेगळं झाल्यापासून विठूच्या ताटात बहुतेक सुकटच असायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माशाचं पित्त फुटलं की कालवण कसं लागतं हे शकूला पहिल्या बोटाला कळायला हवं होतं. तिने जन्मात हजार मासे चिरले होते. कदाचित तिला कळलंही होतं.

"मंग दिलास कशाला?" शकू म्हणाली. "काय काम व्हता?"

"काम व्हता," मालूने मान हलवली. "खोटा कशाला बोलू? रविवारी प्रतीक्षाला बघायला माणसा येतात. मोठी जाऊ बसलेली नाय दिसली तर इचारतील. म्हणून आणला."

म्हणजे संशय खोटा नव्हता. जिताडा उगाच आला नव्हता. पण शकूला त्याचं समाधान घेता येईना, कारण मालूची प्रतीक्षा ही तिने अंगाखांद्यावर खेळवलेली पोर. ती बघण्याजोगी झाली हेही आपल्याला असं कळावं, याचं तिला वाईट वाटलं.

गोणपाटावर भुरीचे पाय पुन्हा थरथरले. दोघींनी तिकडे पाहिलं.

"उठव तिला," मालू म्हणाली.

"सपान बघतंय. उठवू नाय म्हणतात."

"कोण म्हणतात?"

शकू जागची हलली नाही. मालू तिच्या शेजारून गेली, गोणपाटापुढे खाली बसली आणि आपला ओला तळवा भुरीच्या बरगड्यांवर ठेवला.

भुरी जागी झाली नाही. एक क्षण गेला, मग दुसरा. शकू मालूच्या हाताकडे बघत होती, आणि त्या दोन क्षणांत तिच्या मनात एक गोष्ट इतकी साफ उमटली की ती नाकारायला जागाच उरली नाही. मांजर उठू नये असं तिला वाटत होतं. बोळ्याने दूध पाजलेली, रात्री पायांशी झोपणारी भुरी मेलेली निघाली तर चालणार होतं. आपण चुकलो असं निघालेलं चालणार नव्हतं.

भुरीने दचकून मान वर केली, मालूच्या बोटाला दात लावला, मग हाताचा वास घेऊन सोडून दिलं. पुढचे पाय लांबवून तिने मोठी जांभई दिली आणि शेपूट वर करून अंगणात निघून गेली.

मालूने बोट चोखलं आणि वर पाहिलं. शकूला तोंड फिरवायला वेळ मिळाला नाही.

"ती उठली ता तुला बरा नाय वाटला ना गो, बाय?"

शकूने आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं वाचली होती. आपलं तोंड कुणी वाचलं तर काय करायचं, याची तिला सवय नव्हती. भलतंच काय बोलतेस, असं म्हणता आलं असतं. धोंडुबाईवर ढकलता आलं असतं. ती पाटावर बसली.

"नाय वाटला," ती म्हणाली.

अंगणात ऊन होतं. शकूने जमिनीकडे बघत चपलांचा आवाज होण्याची वाट पाहिली, मग तिला आठवलं की मालू अनवाणीच आली होती. मान वर केली तेव्हा मालू तिथेच बसलेली होती, ओले हात पदराला पुसत.

"धा वाजता येतील ती माणसा," मालू म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तू नऊलाच ये. आणि मांजरीकडं बघत व्हतीस तसा माझ्या पोरीकडं बघू नको."

शकू व्हय म्हणाली. मालू उठून गेली तेव्हा तिला दारापर्यंत सोडायला जाण्याचा धीरही शकूला झाला नाही.